समाजमंदिराची किल्ली

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत गेलात तर समाजमंदिर शोधावं लागत नाही. सार्वजनिक शौचालय, नळकोंडाळं, मंडळाचा फलक आणि त्यांच्याच आसपास कुठंतरी एक बैठी इमारत असते. दर्शनी भिंतीवर संगमरवरी कोनशिला. कोणाच्या निधीतून बांधलं आणि कोणाच्या शुभहस्ते उद्‌घाटन झालं, ते तिच्यावर कोरलेलं. दाराला शटर, शटरला कुलूप. पायऱ्यांवर म्हातारी माणसं ऊन खात बसलेली. आत काय चालतं म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘किल्ली भाऊंकडं असती.’

पर्वतीच्या पायथ्याशी, आंबील ओढ्याच्या बाजूच्या अशाच एका वस्तीत आम्ही काही जण गेली बरीच वर्षं एक केंद्र चालवतो. आम्ही म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका, दोन रिक्षावाले, महापालिकेतून निवृत्त झालेले एक मुकादम, वस्तीतलीच कॉलेजला जाणारी मुलंमुली आणि माझ्यासारखी बाहेरून येणारी चार-पाच माणसं. पगारी कोणी नाही. मी बँकेतल्या नोकरीनंतर इथं दहावीच्या मुलांना गणित शिकवायला आले आणि राहिले. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुनर्वसनाची बोलणी सुरू आहेत आणि अशा वेळी छापून आलेल्या एखाद्या वाक्याचा कोण कसा उपयोग करील ते सांगता येत नाही.

‘तुम्ही केंद्र कसं उभं केलं?’ असं लोक विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढं विटा, सिमेंट, देणगीदार असतात. आमच्याकडं इमारत आयतीच होती. गेली काही वर्षं आम्ही जे उभं करतोय ते म्हणजे तिचं उघडं राहणं. आणि याला बांधकामापेक्षा जास्त माणसं लागतात, जास्त भांडणं होतात आणि ते कधीच पुरं होत नाही.

वस्तीतली सगळ्यात जुनी घरं १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतरची आहेत. १२ जुलैला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या आणि ज्यांची घरं वाहून गेली त्यांतले काही जण टेकडीच्या कडेनं पत्रे उभारून राहिले. मग १९७२ चा दुष्काळ आला. बीड, उस्मानाबाद, सोलापूर, नगर या भागांतून माणसं पोटासाठी पुण्यात आली, बांधकामांवर राबली आणि जिथं आपल्या गावचं कोणी आधीच होतं तिथंच वसली. त्यामुळं गल्ल्या जशा गावांच्या झाल्या तशा जातींच्याही झाल्या. आजही पत्ता सांगताना माणसं कुठली गल्ली ते सांगतात आणि ऐकणाऱ्याला त्यातून बाकीचं कळतं.

घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, फार तर वर पोटमाळा. तिच्यात पाच-सहा माणसं, टीव्ही, गॅस, मोरी. या खोलीत स्वयंपाक होतो, झोप होते, आजारपण निघतं. पण काही गोष्टी तिच्यात मावतच नाहीत. बारावीचा अभ्यास मावत नाही. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला शांतपणे रडून घ्यायचं असेल तर ते मावत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींबरोबर नुसतं खिदळायचं असतं, तेही मावत नाही. मुलगे रस्त्यावर उभे राहतात, मुलींना तीही सोय नाही. मोठ्या घरांत राहणाऱ्यांना कधी जाणवत नाही की माणसाच्या कितीतरी गरजा या निव्वळ जागेच्या गरजा असतात.

बालवाडी दुसऱ्या कोणाच्या तरी ओसरीवर भरायची आणि पावसात बंद पडायची, तिथून सगळं सुरू झालं. समाजमंदिर कुलूपबंद आणि मुलं ओसरीवर, हे एका आजींना पटेना. त्यांनी सरळ विचारलं, ‘ही जागा हाय कुणाची?’ कोणाला ठाऊक नव्हतं. वस्तीतला एक मुलगा तेव्हा एफवायला होता. त्यानं २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाकला. उत्तर आलं की इमारत महापालिकेची आहे आणि ती कोणत्याही संस्थेला वा व्यक्तीला वापरायला दिलेली नाही. म्हणजे इतकी वर्षं जे कुलूप होतं त्याला कागदावर काही आधारच नव्हता.

त्यानंतर क्षेत्रीय कार्यालयाचे हेलपाटे आले. जागा रीतसर चालवायला घ्यायची तर संस्था नोंदलेली हवी. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, किमान सात सभासद, घटना, ठराव, धर्मादाय आयुक्तांकडं अर्ज. हे सगळं कंटाळवाणं काम आहे आणि पुष्कळ उत्साही मंडळी इथंच गळतात. आमच्याकडं मुकादमकाका होते. ज्या माणसानं आयुष्यभर हजेरीपट मांडला, त्याला रजिस्टरांचं भय वाटत नाही. सातपैकी पाच सभासद वस्तीतल्या बायका असाव्यात हा आग्रह त्यांचाच. त्यांचं म्हणणं होतं की पुरुषांची बदली होते, भांडण होतं, पक्ष बदलतो, पण बाई गल्लीत असते. यावर मी त्यांच्याशी वाद घातला होता, कारण बाईनं गल्लीतच असावं हे मला खुपलं. पण समितीत बायका जास्त हव्यात यावर आमचं एकमत होतं आणि ते महत्त्वाचं होतं.

करार झाला, कुलूप नवं आणलं, त्याच्या तीन किल्ल्या आल्या. एक किल्ली वरच्या गल्लीत, एक मधल्या, एक खालच्या. तिन्ही बायकांकडं. कोणालाही कधीही उघडायचं असेल तर तिघींपैकी कोणा एकीला सांगायचं, तिनं कारण विचारायचं नाही, फक्त वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायची. नियम एवढाच. माझ्याकडं किल्ली नाही आणि बाहेरून येणाऱ्या कोणाहीकडं नाही. सुरुवातीला आमच्यातल्या काहींना हे गैरसोयीचं वाटलं. क्लासच्या वेळेला येऊन दारात उभं राहायचं, ताई कामावरून येईपर्यंत थांबायचं. मला मात्र तेव्हाच लक्षात यायला लागलं की दारात थांबायची पाळी कोणावर येते, यावरूनच जागा कोणाची ते ठरतं. आजवर त्या दारात वस्ती थांबत होती.

किल्लीनंतर वेळापत्रक. हा विषय वरवर पाहता किरकोळ, पण खरी मारामारी याच्यावरच. पुरुषमंडळींचं म्हणणं, केंद्र संध्याकाळी सहा ते नऊ चालवा, सगळे घरी असतात. सगळे म्हणजे ते. बाईचा दिवस वेगळा असतो. पहाटे पाणी येतं तेव्हा ती उठते, भरणं, डबे, मग आठ वाजता कामं सुरू. धुणं-भांडी करत सोसायट्यांमधून फिरत ती दीड-दोनला घरी येते. दोन ते चार हा तिचा वेळ. चारला पुन्हा दुसऱ्या शिफ्टची कामं, सहाला स्वयंपाक. तेव्हा दोन ते चार बायकांचं, हे ठरलं. त्या वेळात शिबिर, व्याख्यान, कार्यक्रम काही ठेवायचा नाही हेही ठरलं. त्या येतात, चटईवर आडव्या होतात, पाय चोळतात, गप्पा मारतात, भिशीचे पैसे गोळा करतात. एकदा एका संस्थेच्या बाई पाहणीला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘या वेळात तुमची अ‍ॅक्टिव्हिटी काय?’ एक ताई आडव्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, ‘पाठ टेकतो.’ त्या बाईंनी लिहून घेतलं नाही. मी असते तर पहिल्या पानावर लिहिलं असतं.

संध्याकाळी पाच ते सात मुलींचं, हे जमायला सगळ्यात जास्त दिवस लागले. हॉल उघडा दिसला की मुलगे कॅरमबोर्ड टाकून बसत, मुली दारातून डोकावून परत जात. मुलग्यांना हाकलून प्रश्न सुटत नव्हता, ते पायऱ्यांवर बसून शेरे मारत. शेवटी त्यांच्यातल्याच दोघांना रात्रीच्या अभ्यासिकेची जबाबदारी दिली. साडेनऊनंतर कोण आलं, कोण गेलं, दिवे, पंखे, कुलूप, सगळं त्यांच्याकडं. फेब्रुवारी-मार्चात, बोर्डाच्या दिवसांत, अभ्यासिका पहाटेपर्यंत चालते. ज्यांना पायऱ्यांवरून उठवत होतो तेच आता आत मोठ्यानं बोलणाऱ्याला दटावतात. आणि मुली यायला लागल्या त्याचं खरं कारण शौचालय. इमारतीच्या मागं एक संडास होता, दार तुटलेला, पाणी नसलेला. तो दुरुस्त केला, आतून कडी बसवली, बादली आणि झाकणाचा डबा ठेवला. त्याच महिन्यात मुलींची संख्या वाढली. त्याआधी आम्ही वाचन, नाटक, चित्रकला, काय काय योजून पाहत होतो. हवी होती ती कडी.

जागा सगळ्यांसाठी खुली म्हटली की ती आपोआप सगळ्यांची होते, असं मानणारे मला पुष्कळ भेटतात. माझा अनुभव तसा नाही. खुल्या जागेत बाहेरचं जग जसंच्या तसं आत येतं. पहिल्या काही महिन्यांतच दिसलं की झाडायला नेहमी एकाच गल्लीतल्या बाया पुढं होतात. कोणी सांगत नव्हतं, त्यांनी पुढं व्हावं अशी जणू सवयच होती, त्यांची आणि बाकीच्यांचीही. त्यांचे सासरे, दीर, नवरे महापालिकेत झाडू खात्यात. केंद्रात झाडू कोणी घ्यायचा हे जन्मावरून ठरत होतं आणि त्याला आम्ही स्वयंसेवा म्हणत होतो.

मुकादमकाकांनी पाळीचा तक्ता केला. वर्गाला येणारा प्रत्येक जण, शिकवणारे, शिकणारे, समितीवाले, सगळ्यांची नावं आळीपाळीनं. झाडणं, पुसणं आणि संडास धुणं या तीन कामांना तीन वेगळे रकाने, म्हणजे कोणी फक्त सोपं उचलू नये. पहिल्या आठवड्यात दोन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं. ‘आमच्या पोरानं संडास धुवायचा?’ एका वडिलांनी दारात येऊन विचारलं. काका म्हणाले, ‘मी चौतीस वर्षं धुवून घेतले, साहेब. माझ्या पोरानं धुतले असते तर तुम्हाला काही वाटलं नसतं.’ त्या घरातला मुलगा पुढच्या महिन्यात परत आला, त्याच्या वडिलांनी कधी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तक्ता अजून भिंतीवर आहे. माझा मंगळवार असतो.

पाण्याच्या माठाचंही असंच. दोन माठ आणू या, एक मोठ्यांना, एक मुलांना, अशी एक निरुपद्रवी वाटणारी सूचना आली. थोडं खोदल्यावर कळलं की दुसरा माठ कोणासाठी हवा होता. इथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर, गंज पेठेत, १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, १९७२ मध्ये, बाबा आढावांना याच पुण्यातून ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली. तेव्हा आपल्या काळात एका माठासाठी बैठक घ्यावी लागली याचं मला आश्चर्य वाटलं नाही, पण वाईट फार वाटलं. माठ एकच आला. त्याच्याशेजारी ओगराळं ठेवलं, तेही एकच.

भिंतीवर फोटो कोणाचे लावायचे? महाराष्ट्रात कुठंही चार माणसं एकत्र येऊन खोली चालवायला लागली की हा प्रश्न येणारच, आणि तो लहान नसतो. फोटो म्हणजे ही जागा आपली आहे याची खूण. शिवाजी महाराज, फुले दांपत्य, शाहू महाराज, बाबासाहेब, अण्णाभाऊ साठे, अहिल्याबाई, मौलाना आझाद, प्रत्येक गल्लीचा आग्रह वेगळा आणि प्रत्येक आग्रहामागं खरी माया. ‘कोणाचाच नको’ असं म्हणणं सोपं होतं, पण त्यानं भिंत मोकळी राहिली असती आणि मनं भरलेली. बरीच चर्चा झाल्यावर एक रीत बसली. ज्यांना फोटो हवा त्यांनी त्या माणसाविषयी दरवर्षी जयंतीला मुलांशी बोलायचं, आणि बोलणारा माणूस शक्यतो दुसऱ्या गल्लीतला हवा. एक ऑगस्टला अण्णाभाऊंबद्दल बोलायला मोमीन चाळीतली एक मुलगी उभी राहिली. वाटेगावपासून मुंबईपर्यंत अण्णाभाऊ लहानपणी चालत गेले होते हे सांगताना तिनं वर्गातल्या मुलांना विचारलं, ‘तुमच्यापैकी कोणाचे आजोबा चालत आलेत?’ बाहत्तरच्या दुष्काळातली घरं ती. निम्मे हात वर गेले.

या कामाची परंपरा आपल्याकडं जुनी आहे, आणि ती मला धीर देते. १९११ मध्ये कामगार नेते ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा आणि फिरती वाचनालयं चालवली. रात्री, कारण कामगाराला वेळ रात्रीच असतो. लीगच्या परळच्या दामोदर हॉलची तर इतिहासात नोंद झाली. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली ती त्याच हॉलमध्ये. नागपाड्याच्या दाट वस्तीतल्या नेबरहुड हाऊसमध्ये अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा सुरू केली, तीच पुढं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. त्याच नागपाड्यातून बास्केटबॉलचे कितीतरी नामवंत खेळाडू आले. वस्तीतल्या एका उघड्या खोलीतून काय निघेल याचा अंदाज ती उघडणाऱ्याला नसतो. दामोदर हॉलचा दिवा रोज कोण लावत असेल? त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण त्याची आठवण मला वारंवार येते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथं कोणी विसरणार नाही. रात्री ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि एरवी गटारासारखा वाहणारा आंबील ओढा भिंती पाडत वस्त्यांमध्ये शिरला. शहरात वीसेक माणसं गेली. आमची खालची गल्ली छातीपर्यंत पाण्यात होती. खालच्या गल्लीतल्या किल्लीवाल्या ताई लेकराला खांद्यावर घेऊन चढ चढल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी समाजमंदिर उघडलं. वीज गेलेली. मोबाइलच्या उजेडात माणसं आत आली, म्हाताऱ्यांना चटया दिल्या, वरच्या गल्लीतून कोरडे कपडे आणि चहा आला. त्या रात्री कोणालाही भाऊंना फोन लावावा लागला नाही.

पण मला जास्त आठवतात ते पुढचे आठ-दहा दिवस. पाणी ओसरल्यावर लोक भांडी, गाद्या बाहेर काढत होते आणि बायका पिशव्या घेऊन केंद्रात येत होत्या. पिशव्यांत कागद. रेशनकार्ड, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, लाइटबिलं, जातीचे दाखले, दहावीची मार्कशीट. सगळं चिखलात भिजलेलं. आम्ही हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कागद टांगले. एकमेकांना चिकटलेले कागद खेचायचे नाहीत, आधी पसरट ताटात स्वच्छ पाण्यात सोडायचे, सुटे झाले की वर्तमानपत्रात दाबायचे, मग दोरीवर. हे वस्तीतल्या बायंडिंगचं काम करणाऱ्या एका दादांनी शिकवलं. लॅमिनेशन केलेल्या कागदांचे सगळ्यात हाल. टिकावा म्हणून पैसे घालून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद, कडेनं पाणी आत शिरलेलं आणि बाहेर पडायला वाट नाही. शाई आतल्या आत पसरत होती. ब्लेडनं चारही कडा कापून, प्लास्टिक अगदी हळू सोलावं लागे. अकरावीतल्या दोन मुली त्या कामात इतक्या तरबेज झाल्या की शेजारच्या वस्तीतून लोक पिशव्या घेऊन यायला लागले. ज्याचा कागद त्याचं नाव चिमट्याला चिठ्ठी लावून लिहिलेलं. पंख्याखाली सगळी वस्ती दोरीवर फडफडत होती.

हे कागद किती मोलाचे ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. महाराष्ट्रात झोपडीधारकाला मोफत पुनर्वसनाचं घर मिळायचं तर १ जानेवारी २००० पूर्वीपासून तो तिथं राहतो याचा पुरावा लागतो. त्यानंतर २०११ पर्यंतच्यांसाठी सशुल्क घराची तरतूद झाली, पण फुकटचं घर त्या आधीच्या तारखेवर अडलेलं आहे. १९९८ चं एक पिवळं पडलेलं लाइटबिल म्हणजे चार भिंती, संडास, पत्ता. अशी बिलं आम्ही दोरीवर वाळवली. त्यानंतर प्रत्येक घराचे कागद मोबाइलवर स्कॅन करून त्या त्या घराच्या ताब्यात द्यायचं काम मुलांनी हाती घेतलं. ते अजून चालू आहे. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली तेव्हा केंद्र बंद होतं, पण शिधा कोणाला पोचला नाही याची यादी करताना याच मुलांनी याच नोंदी उपयोगात आणल्या.

पैशांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अशा कामांत गैरसमज तिथंच वाढतात. दर घरटी महिना वीस रुपये, जमतील त्यांनी. बाकी लग्नाची हळद, बारसं, साखरपुडा यांना हॉल दिला तर देतील ते. दाराशी एक फळा आहे. त्यावर डावीकडं जमा, उजवीकडं खर्च, दर आठवड्याला. हिशेब भिशी चालवणाऱ्या ताई लिहितात. त्यांची शाळा चौथीत सुटली, पण बँकेत इतकी वर्षं काढलेल्या मला त्यांच्या हिशेबात आजवर चूक सापडलेली नाही. मोठी देणगी घेऊन एक कंपनी आली होती. दहा संगणक, भिंतीवर रंग, आणि दारावर त्यांचं नाव. समितीत दोन तास चर्चा झाली. मुलांना संगणक हवे होते, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी निरोप गेला की संगणक द्या, नाव नको. मग ते आले नाहीत. मुलं नाराज झाली आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटते. पण एक कोनशिला काढायला इतकी वर्षं लागली होती, दुसरी लावायला बायका तयार नव्हत्या.

स्वयंसेवकांविषयी माझं एक ठाम मत झालं आहे. बाहेरून येणाऱ्याची स्वयंसेवा आणि वस्तीतल्याची स्वयंसेवा यांना एकाच मापानं मोजू नये. मी दोन तास देते तेव्हा माझं काही बुडत नाही. एनएसएसची, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं येतात, वर्षाला १२० तास भरायचे असतात, मनापासून करतात, परीक्षा आली की जातात, आणि त्यात वावगं काही नाही. पण एखादी ताई समितीच्या बैठकीसाठी दुपारचं एक काम सोडते तेव्हा तिचा खाडा पडतो, मालकीण बोलते, कधी कधी कामच जातं. बायकांच्या बिनमोल कष्टांवर तर घरं आधीच उभी आहेत. त्यावर आणखी एक केंद्र उभं करायचं आणि त्याला समाजसेवा म्हणायचं, हे मला मान्य नाही. म्हणून बैठका दुपारच्या त्या दोन तासांत किंवा रविवारी, एक तासाच्या वर नाही, आणि कचेरीत जायची वेळ आली तर जाणाऱ्या बाईला दिवसाचा खाडा आणि रिक्षाभाडं फळ्यावरच्या जमेतून. एकानं विचारलं की मग ही स्वयंसेवा कशी? मी म्हटलं, तिनं पदरमोड करावी असं तुम्हाला का वाटतं?

आता पुनर्वसनाची योजना आली आहे. वस्ती जाऊन सात-आठ मजल्यांच्या इमारती येतील. बायकांना संडास घरात हवा आहे, नळ घरात हवा आहे, पावसाळ्यात रात्री जागं राहायचं नाही. त्यांच्या वतीनं जुन्या गल्ल्यांची हळहळ करण्याचा अधिकार मला नाही आणि मी करत नाही. पण केंद्राचं काय, हे नकाशावर स्पष्ट नव्हतं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या मुंबईतल्या नियमांत दर शंभर कुटुंबांमागं बालवाडी आणि कल्याण केंद्र यांची तरतूद आहे. आम्ही तिथल्या काही इमारती पाहून आलो. खोल्या होत्या. काही सहाव्या मजल्यावर, काही जिन्याखाली, आणि बहुतेकांना कुलूप.

परतीच्या बसमध्येच चर्चा सुरू झाली. पुढच्या रविवारी समितीनं विकसकाला आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला द्यायचं पत्र तयार केलं. ते सांगितलं बायकांनी, लिहिलं एफवायच्या त्या मुलानं, जो आता वकिली करतो. खोली तळमजल्यावर हवी आणि दार सोसायटीच्या आत नको, रस्त्याकडं हवं, म्हणजे बाजूच्या न हललेल्या वस्तीतली मुलंही येतील. संडास दोन, दोन्हींना आतून कडी. वीजमीटर वेगळा, संस्थेच्या नावावर. दाराबाहेर बसायला पायऱ्या, कारण म्हातारी माणसं लिफ्टनं खाली उतरली तर बसणार कुठं. ताबा विकसकाकडून थेट संस्थेला, मध्ये कोणी नाही.

पत्राची पोच शिक्का मारून मिळाली आहे. सुनावणीची तारीख पुढच्या गुरुवारची, सकाळी अकराची. तिघी किल्लीवाल्या आणि मुकादमकाका जाणार आहेत. तिघींचे खाडे फळ्यावर खर्चात आधीच मांडून झालेत. त्या दिवशी दोनच्या आत परतणं व्हायचं नाही, म्हणून किल्ली रात्रीच्या अभ्यासिकेवाल्या एका मुलाकडं द्यायची ठरली आहे. पाच वाजता मुली यायच्या आत दार उघडून, झाडून ठेवायचं, हे त्याला दोनदा बजावून सांगितलंय.